बिनचिठ्ठीच्या बरण्या

सकाळी आठला आमच्या घरात कोणाला श्वास घ्यायला फुरसत नसते. त्या दिवशीही दूध गॅसवर होतं, मुलीचा एक मोजा सापडत नव्हता, नवरा कपाळावरचा चष्मा घरभर शोधत होता आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे, गॅलरीत बसून आपल्या ओढायच्या पाइपच्या नळीतून तार फिरवत होते. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बेल चालू असताना टकटक करणारा माणूस संकोचलेला असतो, हा माझा अनुभव.

दारात नाकवाले उभे. कोपऱ्यावरच्या तंबाखूच्या दुकानाचे मालक. चाळीस वर्षांत ते कधी गिऱ्हाइकाच्या पायऱ्या चढले नव्हते. ज्याला हवं त्यानं दुकानात यावं, हा त्यांचा बाणा. खरं नाव असेल काहीतरी, पण झाकण जरा किलकिलं केलं की बरणीत तंबाखूचं कोणतं पान आहे ते डोळे मिटून सांगणाऱ्या माणसाला आमच्या गल्लीनं दुसरं नाव शोधलंच नाही.

"या, या! आज वाट चुकलात की काय?" मामंजी उठले.

"चुकलो नाही. विचारायला आलोय. या महिन्याचा डबा कसा निघाला?"

"झकास!" मामंजी म्हणाले. जरा जास्तच लवकर म्हणाले.

मी दुधाकडे बघत राहिले. तो डबा वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यामागे दडवलेला होता. चार दिवसांपूर्वी मामंजींनी दोन झुरके घेतले, खोकले आणि पाइप खाली ठेवला. "काही बोलू नकोस हं," असा मला दमही दिला, "म्हातारा मनाला लावून घेईल." म्हातारा मामंजींपेक्षा दोन वर्षांनी लहान आहे, हे सोडा.

नाकवाल्यांनी बसल्याबसल्या राखदाणीत डोकावून पाहिलं. ती लख्ख होती.

"तंबाखू झकास आणि राख कुठेच नाही! तिघांना विचारलं, तिघंही म्हणाले छान. माझी कीव करता होय रे सगळे? सूनबाई, तू सांग."

मामंजींनी माझ्याकडे बघून डोळे वटारले. मी गॅस बंद केला. या माणसाशी खोटं बोलणं मला जमणार नव्हतं, त्याला कारण होतं.

सासूबाई गेल्या त्या वर्षी मामंजींचं अन्नावरून मनच उडालं. दिवसभर रिकाम्या पोटी पाइप, आणि ऐकायचं कोणाचंच नाही. मी हात टेकले आणि दुकान गाठलं. लग्न झाल्यापासून त्यांचा डबा मीच आणत असे. नाकवाले चिमूटभर पान तळहातावर ठेवून विचारायचे, "कशासारखं?" मी सांगायचे, गवताच्या गंजीसारखं, मनुकांसारखं, पाणी मारून विझवलेल्या लाकडासारखं. "तुला नाक आहे," ते म्हणायचे. त्या दिवशी त्यांनी काही हुंगायला दिलं नाही. माझं सगळं ऐकून घेतलं, चार बरण्या खाली काढल्या, एक अगदी सौम्य मिश्रण केलं आणि मामंजींना बोलावून घेऊन गंभीर चेहऱ्यानं बजावलं, "हे पान नाजूक आहे. पोटभर जेवणानंतरच लागतं, तेही दिवसातून एकदा. उपाशीपोटी ओढलंत तर कडू होतं."

शुद्ध थाप! पण माझ्या शंभर विनवण्यांनी जे झालं नाही ते त्या थापेनं झालं. मामंजी पाइपसाठी जेवू लागले, मग जेवणासाठी जेवू लागले. आज ते माझ्यावर डोळे वटारायला समोर बसलेले आहेत, हे नाकवाल्यांचे उपकार.

"काका," मी म्हणाले, "त्यात काळं पान दुपटीनं पडलंय. दूध करपल्यासारखा वास येतो. आणि मनुकांचा वास तर अजिबात नाही."

वाटलं होतं, चिडतील. त्यांनी मोठा सुस्कारा सोडला.

"बरं झालं, कोणीतरी बोललं. हिवाळ्यात ताप येऊन गेला ना, तेव्हापासून मला वास येत नाही. पानाचा नाही, साबणाचा नाही, आता हे तुझं दूध उतू गेलं असतं तरी कळलं नसतं. हाताच्या सवयीवर मिश्रणं करत होतो. म्हटलं, तीही चुकत असतील तर दुकान बंद करावं."

मामंजी उठले. त्यांनी गठ्ठ्यामागचा डबा काढला आणि टेबलावर ठेवला.

मला मात्र एक गोष्ट खटकत होती. चाळीस वर्षांचा हात थोडाफार चुकेल. सरळ दुप्पट कसा चुकेल?

"काका, तापात असताना बरण्यांना कोणी हात लावला होता?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "अक्का!"

अक्का त्यांच्या थोरल्या बहीण. दुपारी आम्ही दुकानात गेलो तर त्या गल्ल्याशी बसून स्वेटर विणत होत्या.

"हो, मी पुसल्या. बोटभर धूळ होती! उंचीप्रमाणे लावून ठेवल्या, कशा छान दिसतात. चिठ्ठ्या लाव म्हणून जन्मभर कंठशोष केला, ऐकतंय कोण?"

"चिठ्ठीला डिंक लागतो," नाकवाले म्हणाले. "डिंकाचा वास पानात उतरतो."

"उतरू दे! तुला कुठे येतोय?"

बोलून गेल्या आणि त्यांच्या सुया थांबल्या. मीच घाईनं म्हणाले, "पुठ्ठ्याचा तुकडा दोऱ्यानं बरणीच्या गळ्यात बांधू. डिंक नकोच."

"घ्या!" अक्का म्हणाल्या. "चाळीस वर्षांत हे सुचलं नाही, आणि म्हणे नाक!"

नाकवाले हसले. हिवाळ्यानंतर पहिल्यांदाच, असं अक्कांनी मला नंतर सांगितलं.

बावीस बरण्या होत्या. मी हुंगायचे आणि कशासारखं ते सांगायचे, नाकवाले ऐकून पानाचं नाव सांगायचे, अक्का पुठ्ठ्यावर लिहायच्या. मनुकांच्या जुन्या जागी काळ्या पानाची दुसरी बरणी निघाली; मनुकांची बरणी सापडली तेव्हा मी इतक्या मोठ्यानं ओरडले की समोरचा न्हावी बाहेर आला. मग त्यांनी मामंजींचं मिश्रण नव्यानं केलं. "काळं कमी," मी म्हणाले. त्यांनी दोन चिमटी काढल्या. "अजून एक." ती काढली आणि डबा मुरायला ठेवला.

तीन आठवड्यांनी मामंजी पोटभर जेवून माझ्याबरोबर दुकानात आले. पाइप भरला, काडी ओढली आणि त्याच्या वाटीच्या तळापर्यंत सावकाश ओढला. मग राखदाणी नाकवाल्यांसमोर सरकवली. तिच्यात राख होती.

दुकान बंद करायची गोष्ट पुन्हा निघाली नाही. मी म्हणाले, "काका, पंधरा दिवसांतून एक दुपार मी येत जाईन. तुम्ही एकेक डबा उघडा, मी हुंगते."

"ये. तुझे उपकार फार होतील."

"उपकार कसले? मी एका थापेचं देणं अजून लागते."

त्यांनी मामंजींकडे चोरून पाहिलं. मामंजी खिडकीबाहेर बघत मिशीत हसत होते. त्यांना ती थाप केव्हाचीच कळलेली असावी.

गल्ल्यामागे खिळ्यावर नाकवाल्यांचा स्वतःचा पाइप टांगलेला होता. हिवाळ्यापासून तो कोणी खाली काढला नव्हता. त्यांनी तो काढला, बाहीला पुसला, मनुकांच्या बरणीतलं पान अंगठ्यानं हलके हलके दाबून भरलं आणि माझ्यासाठी स्टूल पुढे ओढलं.

"एक मागू का, सूनबाई? मी हा ओढतो. तू इथे बस, आणि वास कसा येतोय ते मला सांग."