रजईवाले चाचा काठावर उभे होते

संक्रांतीच्या पहाटे तुम्ही नदीत उडी घेता, तेव्हा काठावर तुमचा टॉवेल धरून कोण उभं असतं, याचा कधी विचार केला आहे का तुम्ही? मी केला नव्हता. विचार मी तेव्हा फक्त समाजासाठी करत असे.

माझ्या मित्राचे चाचा चामोर्शीत कापूस पिंजून रजया भरत. थंडीला त्यांच्याइतका घाबरणारा माणूस साऱ्या गडचिरोली जिल्ह्यात झाला नाही, आणि थंडीला त्यांच्याइतकं ओळखणाराही. मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायचं, तेव्हाही ते आंघोळीचं पाणी तापवत. दिवाळीला चढलेली कानटोपी होळीलाच उतरे. तिच्याखाली केस आहेत की नाहीत, यावर आमच्यात दोन तट होते. वाटेत भेटलेल्या माणसाचा हात ते हातात घेत, तो प्रेमानं नव्हे, बोटं गार आहेत का ते तपासायला. गार लागलीच तर भर बाजारात खडसावत, "काऊन रे, घरी रजई नाई का? का बायकोनं हिसकून घेतली?"

असा हा माणूस दर संक्रांतीला सूर्याआधी सायकलवर पिंजण, पोचवायच्या रजया आणि रिकाम्या खोळी बांधून वैनगंगेच्या घाटावर हजर असे. पिंजण म्हणजे कापूस पिंजायचं पुरुषभर लांबीचं धनुष्य. त्याची ताणलेली तार लाकडी मुठीनं ठोकली की 'टण्ण' असा आवाज पैलतीरापर्यंत जाई. आंघोळीला सारं गाव लोटे. चाचा स्वतः मात्र पाण्याला बोटही लावत नसत. पहिल्या टण्णला पाण्यात, दुसऱ्या टण्णला बाहेर, असा त्यांचा कायदा. त्याला कलमंही होती: आधी हातापायांवर, मानेवर पाणी शिंपडायचं, मग चालत उतरायचं, छातीच्या पुढं जायचं नाही, एकट्यानं तर नाहीच. ज्याला ताप, ज्याचं काळीज कमजोर, ज्यानं रात्री 'घेतलेली', त्यानं काठावर बसून तिळगूळ खायचा. बाहेर आल्यावर थेट शेकोटीकडं धावणाऱ्याला ते पिंजण आडवं धरून अडवत. "पयले ओलं काढ, मंग कोरडं घाल, मंग आगीजवळ जा. कोंबडी हायेस का भाजून घ्यायले?"

त्या वर्षी मी एकवीस वर्षांचा होतो आणि एक पत्रक काढलं होतं. थंडी ही गुलाम मनाची सबब आहे, असं त्यात ठणकावून सांगितलं होतं. संक्रांतीला आम्ही पाच तरुण मोठ्या खडकावरून डोहात झेप घेऊन तिला जाहीर आव्हान देणार होतो. पत्रक चाचांनी दोनदा वाचलं आणि विचारलं, "यात टॉवेलचा मुद्दा कुठी हाय?"

"चाचा, ही वैचारिक लढाई आहे."

"असंन. पर बुडशीन तं तू बुडशीन, विचार नाई बुडत. खालून चालत जा, बेटा."

मी हसलो. नियमांना भिणारी माणसंच व्यवस्था टिकवतात, असंही बहुधा म्हणालो. बाकीच्या चौघांनी मात्र पहाटेचं धुकं पाहिलं आणि ते चाचांच्या बाजूला जाऊन मनगटं भिजवू लागले. मी एकटाच खडकावर चढलो. मूठ वळली. "इन्किलाब" एवढं हवेत म्हटलं. "झिंदाबाद" पाण्यात म्हणायचं राहिलं.

कारण पाण्यानं श्वासच हिसकावून नेला. छाती आपोआप उचक्या देऊ लागली, तोंडात वैनगंगा शिरली. मी पोहणारा माणूस, पण हात मारू लागलो ते घरातून पाल हाकलताना मारतात तसे. गुलाम मन कोणाचं, हे तेवढ्यात ठरलं. तेव्हा टण्ण, टण्ण, टण्ण असा आवाज आला आणि मागून चाचांचा, "हात नको मारू बे! उताणा पड! तोंड वर! नुसता तरंग!"

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाचा तरी आदेश पाळला. उताणा पडलो. हळूहळू श्वास सापडला. तोवर चाचांनी रजयांच्या दोन खोळी गाठ मारून फेकल्या होत्या. मी टोक धरलं आणि चौघांनी ओढलं. डोळे उघडून पाहतो तो चाचा गुडघाभर पाण्यात उभे, पायजम्यासकट. थंड पाण्यात! ओठ त्यांचेच निळे पडले होते.

मला कोरडं करून त्यांनी आदल्याच दिवशी भरलेल्या नव्या रजईत गुंडाळलं. ती एका मास्तरीणबाईंची होती. संध्याकाळी ती पोचवताना ते बाईंना म्हणाले, "घ्या बाई. पुऱ्या जिल्ह्यात हीच एक रजई हाय, जिनं मानूस वाचवला." गोड चहाचा कप माझ्या हाती देत मला म्हणाले, "आता पुरी कर घोषणा." दात वाजत होते; जमली नाही.

पुढच्या वर्षीच्या पत्रकात खाली एक ओळ जास्त होती: टॉवेल आणावा. ती चाचांनी सांगितली नव्हती.

आता पिंजायला यंत्र आलं आणि चाचाही नाहीत. त्यांचं पिंजण माझ्या मित्राच्या घरी खुंटीवर आहे. संक्रांतीला मी ते मागून घाटावर नेतो. माझ्या हातून त्यांच्यासारखा टण्ण निघत नाही, रुसलेल्या भांड्यासारखा काहीतरी आवाज येतो. तरी पाण्यातली पोरं वळून बघतात, आणि तेवढं पुरतं.

तेव्हा तुम्हाला एवढीच विनंती. यंदा पहाटे नदीवर जाल, तेव्हा सगळ्यांनी एकदम उतरू नका. तुमच्यातल्या एकानं कोरडं राहून काठावर उभं राहावं, बाकीच्यांचे टॉवेल हातात धरून. पहिली पाळी तुम्हीच घ्या.