हार्जूंच्या कॅम्पवरची शेवटची शेपटी

गॉर्डी हार्जूच्या हातून आयुष्यात चूक अशी झालीच नाही. निदान गॉर्डीला विचारलं तर. मिशिगनच्या पार उत्तरेच्या टोकाला, जिथं हिवाळा पाहुण्यासारखा येतो आणि घरजावयासारखा ठाण मांडून बसतो, तिथं त्यानं उभी हयात रस्त्यावरचा बर्फ लोटणारा ट्रक चालवला. एकदा त्या ट्रकचं पातं लागून चर्चची टपालपेटी खांबासकट उडाली. गॉर्डी खाली उतरला, आडव्या पेटीकडे नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, "वाकडीच लावली होती." बायको सोडून गेली, तर म्हणाला, "शेरिलला इथली दमट हवा मानवत नव्हती." शेरिल, गॉर्डी राहतो त्याच तळ्याच्या काठी, पुढच्याच गावात राहते. तिथली हवा कोरडी असावी.

आणि शिकारीत तर काय, बोलायलाच नको. हार्जूंच्या कॅम्पच्या भिंतीवर गॉर्डीची शेपटी नव्हती.

कॅम्प म्हणजे ओंडक्यांची एक लांबट खोली, आत चूल, बाकं, एकावर एक पलंग आणि पलीकडे वाफेच्या अंघोळीची सौनाची खोपटी. गॉर्डीच्या वडिलांनी, ओन्नी हार्जूंनी, आधी सौना बांधली आणि मग कॅम्प. माणूस उघड्यावर झोपला तर चालेल एक वेळ, पण अंघोळीला कुठं जाईल, असा त्यांचा हिशेब. आणि चुलीसमोरची भिंत होती शेपट्यांची. नेम चुकला की शर्टाचं मागचं लोंबतं टोक, म्हणजे शेपटी, कापायची, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीला ठोकायची. गोळीचा आवाज झाला आणि हरीण आलं नाही, की ओन्नी दारातच चाकू घेऊन उभे. बर्च लाकडाच्या मुठीचा, चामड्याच्या म्यानातला. "वळ," एवढंच म्हणायचे. चौकटीच्या, रेघांच्या, विटक्या लाल लोकरी शेपट्यांनी ती भिंत गोधडीसारखी भरून गेली होती. खुद्द ओन्नींच्याही होत्या. त्यांचा जावई डेल, त्याच्या एवढ्या होत्या की त्याची बायको लोरेन म्हणायची, "आमच्याकडे शर्ट धुवायला कमी साबण लागतो."

गॉर्डीची मात्र एकही नाही. "अरे, हा गोळी झाडायच्या आधी हरणाचं ओळखपत्र बघतो," डेल म्हणायचा. ते खोटं नव्हतं. हरीण मांडीवर येऊन बसेपर्यंत गॉर्डी चाप ओढत नसे. पण नियम म्हणजे नियम. शेपटी नाही ती नाही.

आता ते जंगलच विकलं गेलं होतं. जमीन हार्जूंची कधी नव्हतीच, भाडेपट्ट्यावरची. नव्या मालकानं पट्टा वाढवला नाही. शिकारीच्या मोसमाच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी फाटकाला कुलूप लागणार आणि नंतर यंत्र येऊन सगळं सपाट करणार. म्हणून त्या दिवशी चौघंजण आली होती. गॉर्डी, त्याची थोरली बहीण लोरेन, डेल आणि त्यांची मुलगी टीना. शेवटची शिकार, शेवटची सौना, मग निघायचं, असा बेत.

सकाळी शेपट्या उतरवल्या. लोरेननं शाळेच्या खानावळीत आयुष्यभर पोरांना जेवण वाढलेलं. ती भिंतीशी उभी राहिली आणि तिचा तो आवाज लागला. "रांगेत या! ढकलाढकली नको! टीना, ही तुझी. हीपण तुझी. अगं, काय डोळे मिटून मारत होतीस का? पुढचा! डेल, दोन्ही हात पुढे कर, एका हातात मावायच्या नाहीत."

"माझं काय जातंय," डेल म्हणाला. त्याचं प्रत्येक वाक्य इथूनच सुरू व्हायचं. "माझं काय जातंय, पण ह्यातल्या निम्म्या वेळा बंदूक खराब होती."

टीना आपल्या शेपट्या उलटसुलट करून हसत बसली होती. एक अगदी छोटी, शाळकरी वयाच्या शर्टाची होती. ती तिनं नाकाला लावली. "आई, अजून धुराचा वास आहे गं."

भिंत उघडी पडली. लाकडावर फिकट चौकोन उरले, आणि खिळे. गॉर्डी बाकावर बसून करंजीसारखी ती खिम्याची पेस्टी खात होता आणि सगळ्यांचे हात भरलेले बघत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला वाटलं, आपलीही एखादी असती तर.

"आणि गॉर्डीला काय?" लोरेन वळली. "गॉर्डीला खिळे!"

सगळे हसले. मग ती हसायची थांबली, खिशातून वडिलांचा चाकू काढला आणि म्यानासकट भावापुढे धरला. "बाबा म्हणायचे ना, ज्याची शेपटी नाही त्याचा चाकू. घे. कमावलायस तू."

गॉर्डीनं तोंडातला घास गिळला. "बघू," म्हणाला. तो कशालाही 'बघू'च म्हणायचा, लग्नाच्या वेळी पाद्र्यालाही म्हणाला असता, शेरिलनं चिमटा काढला म्हणून 'हो' म्हणाला. पण चाकू त्यानं आतल्या खिशात, छातीपाशी ठेवला आणि वर दोनदा थोपटला.

जेवण झाल्यावर डेल सौनाची चूल पेटवायला गेला. दगड तापायला वेळ लागतो, आणि गेल्याच आठवड्यात त्यानं त्यासाठी सुकी बर्चची लाकडं वेगळी काढून ठेवली होती. गॉर्डीनं रायफल उचलली. "तेवढ्यात तासभर बसून येतो."

"लवकर ये," लोरेन म्हणाली. "अंधाराच्या आत फाटक गाठायचंय. बाबांच्या सौनात घाईघाईनं अंघोळ नकोय मला. शेवटची आहे."

दलदलीच्या कडेला त्याचं लपण होतं, फळ्यांचा आडोसा आणि आत बादली उलटी घालून केलेली बैठक. बसून जरा वेळ होतोय न होतोय तोच हरणाचा नर आला. मोठा, शिंगांवर सालीच्या धांदोट्या लोंबणारा. एरवी गॉर्डीनं वाट बघितली असती. पण त्याच्या डोक्यात आज चाकू होता. कॅम्पचं शेवटचं हरीण, ओन्नींच्या चाकूनं सोललेलं, हे त्याच्या मनात पक्कं झालं होतं. त्यानं चाप ओढला.

आवाज विरला. नर दोन उड्या मारून झाडीत गेला.

गॉर्डी जागेवर जाऊन बघून आला. खुरांचे ठसे सोडले तर बर्फ कोरा, धुतल्या चादरीसारखा. रक्ताचा थेंब नाही, केस नाही. पलीकडच्या बर्चच्या खोडाला मात्र, हरणाच्या पाठीच्या कितीतरी वर, ताजी पांढरी खोक. तिच्याकडे तो बघत उभा राहिला.

तेवढ्यात मागून टीनाची हाक आली. "मामाऽ! लागलं का रे?" ती तिघंही आवाज ऐकून येतच होती. हसत, ओरडत. लोरेन खुब्याच्या ऑपरेशनमुळे बर्फात काठी टेकत टेकत मागून येत होती आणि लांबूनच विचारत होती, "चाकूला धार लावलीस का?"

चाकू छातीपाशी होता. सकाळीच मिळालेला.

"लागलं," गॉर्डी म्हणाला. "मागच्या बाजूला लागलं. दलदलीत गेलं."

म्हणताना त्याला वाटलं, एवढंच. ते म्हणतील, जाऊ दे, उशीर झालाय. पण हार्जूंच्यात जखमी जनावर मागं सोडून कुणी घरी जात नाही. पानावरून उठतील, लग्नातून उठतील, पण माग काढतील. हे त्यालाही ठाऊक होतं. बोलून झाल्यावर आठवलं.

लोरेनचं हसू मावळलं. "मागं लागलं म्हणजे बिचारं तडफडत असेल." तिनं टोपी कानावर ओढली. "चला. डेल तू डावीकडून. टीना उजवीकडून. मी मागाबरोबर जाते."

"लोरेन, तुझा खुबा," गॉर्डी म्हणाला.

"खुब्याला तिकडं काय झालंय? हरणाला झालंय."

आणि चौघंजण दलदलीत शिरली. वर बर्फ, खाली काळं पाणी, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत जायचा. सीडरच्या फांद्या तोंडावर. डेल एका खळग्यात बसकण मारून पडला आणि तिथूनच म्हणाला, "माझं काय जातंय, पण माझ्या बुटात तळं झालंय." लोरेन काठी रोवायची, पाय उपसायचा, वाकून बर्फ बघायचा, पुन्हा काठी. बुडालेला पाय वर येताना ती ओठ घट्ट दाबून धरत होती.

"रक्त?" ती ओरडायची.

"नाही!" टीना.

"केस?"

"नाही!"

"गॉर्डी, तुला दिसलं का काही?"

"बघू," गॉर्डी म्हणायचा, आणि वाकून, डोळे बारीक करून, जे नव्हतं ते शोधायचा.

झाडांच्या शेंड्यांवर सौनाच्या धुराची रेघ दिसत होती. चांगली जाड. नंतर तिच्याकडे बघितलं तेव्हा ती बारीक झाली होती. लाकूड घालायला कुणी नव्हतं.

पुढे एका सीडरपाशी हरणाच्या खुणा थांबल्या होत्या. त्यानं तिथं उभं राहून खालच्या फांदीचा पाला खाल्ला होता. बारके तुकडे बर्फावर सांडले होते. शांतपणे, चवीचवीनं.

डेल त्या तुकड्यांकडे बघत राहिला. "माझं काय जातंय," तो सावकाश म्हणाला, "पण मागं गोळी लागलेलं हरीण नाश्ता करत उभं राहतं होय?"

"डेल," लोरेन म्हणाली, "पुढं बघ."

कुणीच गॉर्डीकडे बघितलं नाही. ते त्याला फार जाणवलं. बघितलं असतं तर बरं झालं असतं. त्याचे कान टोपीखाली तापले. ह्यांना कळलंय, त्याच्या लक्षात आलं. कधीचं कळलंय. आणि तरीही बहीण तो पाय उपसून पुढे टाकत होती, कारण भाऊ 'लागलं' म्हणाला होता. भाऊ म्हणाला म्हणजे माग काढायचा.

"माग हरवला," शेवटी लोरेन म्हणाली. "परत पहिल्यापासून. जिथं मारलं तिथून."

ती चौघं परत लपणापाशी आली. उजेड पिवळा, लांबट झाला होता. टीना गोल फिरत बर्फ बघत होती. फिरता फिरता ती त्या बर्चपाशी आली आणि थांबली. तिनं वर बघितलं. खोडावरची पांढरी खोक बघितली. मग गॉर्डीकडे एकदाच, पटकन. आणि दमल्यासारखं करून ती त्या झाडाला पाठ टेकून उभी राहिली, डोकं मागं, खोक बरोबर टोपीआड. "आई," ती म्हणाली, "जरा दम खाऊया गं."

गॉर्डीनं लहानपणी ह्याच पोरीला खांद्यावर घेऊन दलदल ओलांडली होती. आता ती त्याला झाकत होती. भिजलेली, नाक लाल झालेली, शेपट्यांनी खिसे भरलेली.

"तिथून बाजूला हो, टीना," तो म्हणाला.

"असू दे ना, मामा."

"हो बाजूला."

ती झाली. खोक दिसली. लोरेननं बघितली, डेलनं बघितली.

"ते झाड..." गॉर्डीनं सुरुवात केली, आणि तोंडात 'वाकडं' हा शब्द पूर्ण तयार होऊन बसलेला त्याला जाणवला. झाड सरळ होतं. शाळेतल्या झेंड्याच्या खांबासारखं सरळ. "नाही लागलं," तो म्हणाला. "चुकलं. आधीपासूनच माहीत होतं मला."

 आपल्या बुटातलं पाणी ओतायला डेल लांब जाऊन उभा राहिला.

गॉर्डीनं आतल्या खिशातून चाकू काढला आणि मूठ पुढं करून बहिणीच्या हातात दिला. मग नारिंगी कोट काढला आणि शर्ट विजारीतून उपसला. बोटं गारठलेली, एका बाजूचं टोक निघेचना.

"वळ," लोरेन म्हणाली.

आवाज हुबेहूब वडिलांचा होता. शेपटी कापायला फार वेळ लागला नाही. चाकूला धार होती. कापल्यावर तिनं म्यानात घातला आणि म्यान आपल्या कोटाच्या खिशात घातलं. ते गॉर्डीनं बघितलं. चाकू परत मागायचं धाडस त्याला झालं नाही, आणि तिनंही दिला नाही.

कॅम्पवर पोचले तेव्हा सौनाची चूल विझत आली होती. डेलनं तरी दार उघडून दगडांवर एक ओगराळं पाणी टाकलं. नेहमी कसा फुत्कार यायचा, माणूस दारातून मागे सरकायचा. आज बारीकसा 'च्स्स' आला आणि पाणी दगडांवरून ओघळून गेलं. लोरेन दारात उभी होती, हातात सगळ्यांचे टॉवेल. तिनं ते एकेक करून पुन्हा पिशवीत भरले.

"पुन्हा तापवायची का?" गॉर्डी म्हणाला. "मी लाकडं घालतो. मी फोडतो लाकडं."

"वेळ कुठाय," ती म्हणाली. रागावून नाही. पोराचं ताट सांडल्यावर, दुसरं उरलेलं नसलं की म्हणायची तसं.

टीनानं पेन्सिल दिली. गॉर्डीनं शेपटीवर स्वतःचं नाव लिहिलं, साल लिहिलं. मग ती हातात धरून तो उभा राहिला. निळ्या चौकटीची होती, बरी दिसत होती. "ही," तो म्हणाला, "नेऊ का मी? म्हणजे सगळ्यांनी आपापल्या नेल्या..."

"त्या होत्या भिंतीवर," लोरेन म्हणाली. "आधी भिंतीवर असावी लागते."

त्यानं ती ठोकली. उघड्या भिंतीवर, फिकट चौकोनांच्या मधोमध, एकटी. खिळे भरपूर होते. मग दिवा मालवला, दार ओढून घेतलं. कुलूप कुणी लावलं नाही.

फाटकापाशी मालकाचा माणूस साखळी हातात घेऊन उभा होता. डेलची गाडी आधी बाहेर पडली. लोरेन पुढे बसली होती, दुखरा पाय लांब करून, आणि तिनं मागं वळून हात केला नाही. मग गॉर्डीचा ट्रक आला. त्या माणसानं काचेशी वाकून सगळेच विचारतात ते विचारलं. "काय, शेवटच्या दिवशी काही लागलं का?"

"नाही," गॉर्डी म्हणाला. "माझा नेम चुकला. आणि मी त्यांना खोटं..."

पण तो माणूस केव्हाच मागं जाऊन साखळी ओढू लागला होता. गॉर्डी थोडा थांबला. मग त्यानं गिअर टाकला. शर्ट मागून आखूड झाला होता आणि कोटाच्या आतून, कमरेच्या वर, हातभर जागा उघडी पडली होती. ट्रकचा हीटर नेहमी पायाशीच तापायचा. पाठीपर्यंत तो कधी पोचलाच नव्हता.