मूठभर कोंडा

बाळंतिणींच्या वॉर्डात नोकरी केली की किस्से शोधत फिरावं लागत नाही, ते आपणहून ओटीत पडतात. एकोणीसशे साठच्या सुमाराला बेंगळूरला शिवाजीनगरच्या एका दवाखान्यात मी नर्स होते. मूळची बेळगावची, त्यामुळे मराठी पेशंट आली की माझ्याच गळ्यात.

सुमती तशीच आली. लग्नाला अकरा वर्षं. चार वेळा दिवस राहिले, चारही वेळा मूल पोटातच गेलं. पाचव्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी सातव्या महिन्यापासूनच कॉट दिली आणि बजावलं, "अजिबात उठायचं नाही."

*

तिचा नवरा वसंतराव, सरकारी कारखान्यात इंजिनिअर. त्याने कॉटला तक्ताच टांगला. बाळ हललं की सुमतीने पेन्सिलीने रेघ मारायची.

एका संध्याकाळी तक्ता कोरा. वसंतराव पांढराफटक पडला. मी सुमतीला हलवून जागं केलं.

"अहो, पेन्सिल कॉटखाली पडली," ती म्हणाली. "आणि मला उठायचं नाही ना!"

*

आमची आया लक्ष्मक्का "स्वल्प खाम्मा" म्हणत घरून डबा आणायची. स्वल्प म्हणजे थोडं. डब्यात नाचणीचे दोन मुद्दे, म्हणजे उकडीचे गोळे, नारळाएवढे!

सुमतीच्या सासूबाई, माई, सोवळ्याच्या. एकदा त्यांनी विचारलं, "हे काय गं?"

"दवाखान्याचं औषध," सुमतीने ठोकून दिलं.

"मग दोन्ही वेळा घेत जा," माई म्हणाल्या.

*

बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी काही करायचं नाही, असा माईंचा दंडक. तरी कॉटशेजारी बसून एवढंसं टोपडं विणत होत्या.

"कुणाला हो?" मी विचारलं.

"शेजारणीच्या नातवाला."

नंतर कळलं, शेजारणीच्या मुलाचं अजून लग्नच ठरायचं होतं.

*

माईंनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे कोंड्याची पुडी दिली होती. ज्या घरात मुलं जगत नाहीत तिथे बाळ मूठभर कोंड्याला परक्या बाईला विकायचं, मग तिचं म्हणून सांभाळायला परत घ्यायचं. परकी बाई मी. "विसरलीस तर याद राख," असा दमही दिला होता.

मुलगी झाली, चांगली खणखणीत रडली. सुमती हसत होती आणि रडत होती. वसंतराव उगाचच तक्त्यावर रेघा मारत सुटला. मलाही फार बरं वाटलं. बाळ माईंच्या मांडीवर दिलं, पुडी सोडली आणि मुठीत कोंडा घेऊन पुढे झाले.

"आणा माई, माझी मुलगी."

माई बाळाकडे बघत राहिल्या.

"माई, द्या ना घटकाभर," कॉटवरून सुमती म्हणाली.

माईंनी पदर ओढून बाळ झाकलं आणि माझ्याकडे पाठ केली.

"सिस्टर, दुसरं दुकान बघ."