मुक्ताबाईपुरती मंडळी

प्रवरा ओलांडताना ते वहाणा हातात घेत. पलीकडे गेल्यावर चूळ भरत आणि मगच वाडीकडे वळत. टाळ नेहमी धुतलेल्या फडक्यात. चहा आला की पहिली बशी त्या घरच्या पोराला. प्रार्थनेत डोळे मिटायच्या आधी एकदा सगळ्यांकडे पाहून घेत. मी पुण्याहून पदवी घेऊन आल्यापासून मला ‘बी.ए.’ म्हणत. नावाने हाक कधीच नाही. मी त्यांना काका म्हणायचो.

शांतवन उजागरे मंगळवारी गेले. मला अजून खरं वाटत नाही.

नदीपलीकडच्या वाडीसाठी मिशनचे उपदेशक म्हणून ते तरुणपणी कोल्हारला आले आणि तिथेच म्हातारे झाले. रविवारी प्रार्थनामंदिरात ते येशूचं कीर्तन करत. मी पेटीवर साथ द्यायचो. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत महारवाड्यातली ख्रिस्ती घरं एकेक करून साखर कारखान्यावर कामाला गेली, ती परतली नाहीत. उरली एकटी म्हातारी मुक्ताबाई. गर्दी मात्र कमी झाली नाही. काकांचं कीर्तन ऐकायला मळ्यांतले शेतकरी यायचे. पण आत कुणी पाऊल टाकत नसे. ते बाहेर लिंबाखाली बसायचे.

लढाई संपली आणि मिशनचा निरोप आला. समिती पाहायला येईल. बाप्तिस्मा झालेली मंडळी नसेल तर मंदिर बंद करू. उजागऱ्यांनी नगरला येऊन आराम करावा.

काका दोन दिवस जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोने, दयाकाकूंनी, मला सांगितलं.

समिती आली त्या रविवारी मी पेटी घेऊन पोचलो आणि दारातच थबकलो. मंदिर भरलं होतं. लिंबाखालची सगळी माणसं आत सतरंजीवर बसली होती. पुढे मच्छिंद्र. विठोबाच्या देवळातल्या भजनाचा तो म्होरक्या. कपाळावरचा बुक्का त्याने धोतराच्या सोग्याने पुसला होता. काळा डाग राहिलाच होता.

“तुमी गप ऱ्हा, मास्तर,” तो काकांच्या कानाशी म्हणाला. “आजच्या दिस आमी समदे तुमचे.”

काकांचा चेहरा उतरला. तेवढ्यात समितीचे अध्यक्ष साहेब आत आले.

“वा, उजागरे! आम्हाला काही वेगळंच कळलं होतं.”

काकांनी फडकं सोडलं. टाळ हातात घेतले. माझा एक सूर चुकला, पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

हरवलेल्या मेंढराचं आख्यान होतं. ते चांगलं रंगलं. साहेबही मान डोलवू लागले. मला वाटलं, निभावलं. मग शेवटचा अभंग टिपेला गेला, टाळ थांबले आणि सवयीने साऱ्या मंदिरातून एकच गजर उठला.

“पुंडलिक वरदे हारी विठ्ठल!”

मच्छिंद्राने जीभ चावली. एक जण पागोटं सावरत खाली पाहू लागला.

“ही तुमची मंडळी?” साहेबांनी विचारलं.

“व्हय साहेब,” मच्छिंद्रच उठला. “नवीन हाय आमी. जुनी सवय जायला येळ लागतो.”

साहेबांनी काकांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. साहेबांनाही बहुधा तेच हवं होतं.

“माणसं माझी आहेत, साहेब,” काका म्हणाले. “मंडळी म्हणाल तर एकटी मुक्ताबाई.”

संध्याकाळी मंदिराला कुलूप लागलं.

नदीपर्यंत मी त्यांच्याशी भांडत गेलो. शेवटी चिडून विचारलं, “इतकी वर्षं हेच करताय. कंटाळा येत नाही?”

“येतो रे. लई येतो. शनिवारी तर वाटतं, उद्या जाऊच नये.”

“मग?”

“मग मुक्ताबाई येऊन बसलेली असेल, असं वाटतं. म्हातारी उन्हात किती वेळ बसणार?” त्यांनी वहाणा काढल्या. “पुढच्या रविवारी ये, बी.ए. आणि सूर नीट लावून ये.”

ते नगरला गेले नाहीत. मुक्ताबाईच्या झोपडीशेजारी त्यांनी मातीच्या भिंती घालायला घेतल्या. मच्छिंद्र बैलगाडीतून पांढरी माती आणून टाकायचा.

“मास्तर, मान हालवली आस्ती तर आयतं मंदिर हुतं की!”

“तू गजर केला नसतास तरी होतंच. ओढ माती.”

मंगळवारी सकाळी माती तुडवता तुडवता ते खाली बसले. मच्छिंद्राला वाटलं, दम खायला बसले.

काल मी वाडीवर जाऊन आलो. तीन भिंती छातीपर्यंत आल्या आहेत. चौथी गुडघ्याएवढी आहे. पुढच्या थराची माती तुडवून तयार आहे, गोणपाटाखाली. ती वाळू नये म्हणून मुक्ताबाई गोणपाटावर पाणी शिंपडते.