वीस मिनिटांचं औषध

अक्काच्या हाताखालून गेलेल्या पेशंटच्या अन्ननलिकेत फेस सापडायचा नाही, म्हणजे नाहीच. दुर्बिणीच्या तपासणीच्या खोलीत बावीस वर्षं काढलेल्या या सिस्टरचा एकच हट्ट: दुर्बीण घशात जायच्या आधी वीस मिनिटं, फेस मोडणारं औषध पोटात गेलंच पाहिजे. कुणी घाई केली की ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवायची. "काटा तिथं पोचला की या."

आणि त्याच बाईनं सख्ख्या भावाला औषधाशिवाय टेबलावर घेतला!

दादा बस चालवायचा. पंधरा वर्षं छातीत जळजळ, खिशात गोळ्यांची पट्टी. तपासणीचं नाव काढलं की म्हणायचा, "आधी तुझं डोकं तपासून घे." मंगळवारी तो उपाशीपोटी रक्त द्यायला आला होता आणि नेमका एक पेशंट गैरहजर. अक्कानं त्याला मनगटाला धरून आत नेला. वीस मिनिटं बसवला असता, तर पठ्ठ्या पळालाच असता.

सहा महिन्यांपूर्वी पडद्याला एक कॉम्प्युटर जोडला होता. कॅन्सरच्या आधीचा बिघाड दिसला, असं वाटलं की तो तिथं हिरवी चौकट काढायचा. पण फेसावरही काढायचा, म्हणून सगळे त्याला चोंबडा म्हणत. दादाच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला चौकट आली, गेली, पुन्हा आली.

"फेस आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि दुर्बीण बाहेर घेतली. रिपोर्ट नॉर्मल.

अक्काच्या जिवाला मात्र घोर लागला. घरी दूध दोनदा उतू गेलं. धुतलेली दुर्बीण तिनं पुन्हा धुवायला घेतली. फेस होता, मान्य. पण तो कुणामुळे होता? आणि त्याच्याखाली काय होतं? चोंबडा काय, दिवसातून दहादा कोकलतो, असं ती स्वतःला बजावायची आणि पाचव्या मिनिटाला पुन्हा तिथंच यायची.

शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तिनं दादाचं रेकॉर्डिंग लावलं. फेस हळूहळू खाली ओघळत होता. चौकट जाऊन पुन्हा आली तरी त्याच जागी येत होती. फेस सरकला तिथं लालसर चट्टा होता. ती तशीच उठून डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली.

"मॅडम, त्या दिवशी दादाला औषध दिलंच नव्हतं मी."

"तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "अक्का, तुम्ही?"

एवढ्या दोन शब्दांनी तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंनी रेकॉर्डिंग दोनदा पाहिलं. "फेसावर पाणी मारून बघायला हवं होतं मीही," त्या म्हणाल्या. "सोमवारी आणा त्यांना."

फोनवर दादा भडकलाच. "पुन्हा ती नळी? माझ्या घशाचा काय बोगदा केलायस काय?"

"चूक माझी आहे, दादा. तुला काय बोलायचं ते बोल, पण ये."

सोमवारी तो आला, मुकाट्यानं औषध प्यायला. पंधराव्या मिनिटाला उठू लागला. "झालं की आता."

"बस खाली!" अक्का अशी ओरडली की बाकाजवळ उभे असलेले दोन अनोळखी पेशंटही बसले.

आत सगळं स्वच्छ दिसत होतं. चौकट आली आणि तिथंच राहिली. डॉक्टरीणबाईंनी तपासायला तिथला तुकडा घेतला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागले.

कॅन्सर नव्हता. पण पेशी त्याच वाटेला लागल्या होत्या. दुर्बिणीतूनच काढता येतील, वेळेवर सापडलं, असं डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. दादानं रिपोर्टचा कागद घडी घालून गोळ्यांच्या पट्टीजवळ खिशात ठेवला.

"म्हणजे तुझं डोकं शाबूत आहे म्हणायचं," तो म्हणाला.

अक्कानं त्याच्या दंडावर चापट मारली आणि भर कॉरिडॉरमध्ये हमसून हमसून रडायला लागली.