हेल फॉर लेदर

‘हेल फॉर लेदर’ म्हणजे जिवाच्या आकांताने घोडा पिटाळत जाणं. हल्ली हे कोणी बोलत नाही. हिंदुस्थानात इंग्रजांचं घोडदळ होतं त्या काळात ते रुळलं, असं बरीच पुस्तकं सांगतात. लेदर म्हणजे खोगीर, वाद्या, सगळं चामडं. ते झिजो नाहीतर तुटो, आपण पोचायचं. हे मी आज न अडखळता सांगू शकतो. डोंबलाचा उपयोग आहे त्याचा.

मला हे बाबांनी शिकवलं. ते खडकीच्या दारूगोळा कारखान्यात कारकून होते. कुठल्याशा जुन्या साहेबाच्या तोंडून त्यांनी ते उचललं आणि माझी प्रत्येक सकाळ त्याने नासवली. दप्तर भरायला वेळ लागला की ओरडायचे, “हेल फॉर लेदर!” पुढे मी इंग्रजीचा मास्तर झालो आणि शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत दोन पंडित झाले. शब्दावरून वाद झाला की तो तोंडाने मिटत नसे. पुस्तक काढायचं, पानावर बोट ठेवून दाखवायचं आणि हरलेल्याने निमूट चहा टाकायचा. बाबा चौऱ्याऐंशीचे झाले तरी चहा मीच टाकत होतो. खरं सांगतो, एकदाही जिंकलो नव्हतो.

गेल्या वर्षी ज्येष्ठांच्या वाचनकट्ट्यासाठी मी जुन्या इंग्रजी वाक्प्रचारांवर टिपण लिहीत होतो. साडेअकराला बाबांना विचारलं, “हेल फॉर लेदरमधलं लेदर म्हणजे नक्की काय हो?”

“पाणी,” ते म्हणाले.

“काय?”

“पाणी. घोड्याचं... पाणी.” आणि चिडून पुन्हा तेच.

“चुकलात! आज चुकलात बाबा!” मी टाळी वाजवली. वाजवली हो, याच हातांनी.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. “अरे, यांचं तोंड बघ. एका बाजूला ओढल्यासारखं दिसतंय.”

“कवळी नीट बसली नसेल. तू मध्ये पडू नकोस गं.”

बाबा हात झटकून आडवे झाले. मला वाटलं, रुसले. मी माळ्यावरची खोकी उतरवली. एक पुस्तक एक सांगे, दुसरं भलतंच, आणि मला तर असं पान हवं होतं की बाबांनी तोंडातून ब्र काढता कामा नये. जेवायलाही उठलो नाही. आई दोनदा म्हणाली, “डॉक्टरांना फोन कर रे.” मी दोन्ही वेळा म्हटलं, “झोपू दे त्यांना.”

साडेचारला उघडं पुस्तक घेऊन त्यांच्या उशाशी गेलो. “उठा, चहा टाका.” त्यांनी डोळे उघडले. उजवा हात उचलेना. तोंडातून नुसता घोगरा आवाज आला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, हा अर्धांगाचा झटका.

रिक्षा मिळाली, आईही बसली, पण पुलावर गाड्या ठप्प. “दादा, पाया पडतो, काढा कुठूनही.”

“काका, उडवत नेऊ का?” रिक्षावाला म्हणाला. त्याचं तरी काय चुकलं? बाबांची मान माझ्या खांद्यावर लटकत होती, लाळ शर्टावर गळत होती आणि मी बाहेर तोंड काढून खुळ्यासारखा ओरडत होतो, “सरका! अहो सरका ना!” कोणी सरकलं नाही. सरकायला जागाच नव्हती.

हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टर धावत आली. “त्रास कधी सुरू झाला? नक्की वेळ सांगा. रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन ठरावीक तासांतच देता येतं. उशिरा दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.”

“आत्ताच,” मी म्हटलं. “तासाभरापूर्वी.”

इंजेक्शन मिळावं म्हणून खोटं बोललो की लाजेने, देवाशपथ, मला आजही सांगता येत नाही.

आईने माझा दंड घट्ट धरला. “नाही हो, साडेअकरापासून.”

“नक्की, आजी?”

“नक्की. मी सांगत होते याला.”

डॉक्टरने घड्याळ पाहिलं. “मग नाही देता येणार.”

बाबा स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं.