अण्णांचा साबणाचा किल्ला

बंगळुरात राहून स्कॉटलंडमधल्या किल्ल्याची काळजी वाहणारा माणूस जगात एकच झाला, आणि तो आमच्या शेजारी राहत होता. आमची परिस्थिती तेव्हा ओढगस्तीची. वडील यशवंतपूरच्या बाजारात पोती उचलायचे, आई लोकांकडे स्वयंपाकाला जायची आणि मी इंजिनिअरिंगला ड्रॉइंगमध्ये दोनदा नापास झालेला. तिसऱ्यांदा आपटलो असतो, तर कॉलेज सोडून पोतीच उचलायची होती.

शेजारचे अण्णा बेळगावकडचे, कारखान्यात ड्राफ्ट्समन. त्यांचा स्कॉटिश फोरमन मायदेशी परतताना आपल्या गावच्या किल्ल्याचे नकाशे त्यांना देऊन गेला, आणि अण्णा मनानं तिकडेच राहायला गेले. किल्ल्याचं दार बुटकं, म्हणून आपलं दार चांगलं उंच असूनही घरात वाकून शिरायचे. कुणी नवीन घर बांधलं की पहिला प्रश्न, "भिंत केवढी?"

"नऊ इंच, अण्णा."

"आमची सात फूट."

माझी रड ऐकून त्यांनी अक्कांच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, धुण्याच्या साबणाची लांब वडी उभी चिरली, दोन्ही अर्धी आतून कोरली आणि जोडून माझ्यापुढे उभी केली.

"आता धुणं किल्ल्यानं धुऊ का?" अक्का म्हणाल्या.

"स्वल्प थांब गं," म्हणत अण्णांनी तो किल्ला पुस्तकासारखा उघडला. मी बघतच राहिलो. तळाला कमानीच्या छताचं कोठार, त्यावर दिवाणखाना, त्यावर मालकाची निजायची खोली. भिंतीच्या पोटातून गोल गोल वर जाणारा जिना. माथ्यावर कोपऱ्यांतून बाहेर डोकावणारे चिमुकले बुरूज.

"जागा थोडी, वैरी फार. म्हणून घर उभं वाढलं," अण्णा हळू आवाजात सांगू लागले, देवळात बोलावं तसं. "खाली नुसत्या बंदुकीपुरत्या फटी. पुढे भांडणं निवली, तशा वरच्या खिडक्या मोठ्या झाल्या. माणसाची भीती कमी झालेली भिंतीवर दिसते बघ."

इमारत कापून दाखवायची म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे तीन महिने रोज संध्याकाळी मी तोच किल्ला काढला. जिना चुकला की अण्णा म्हणायचे, "मालक पडला की रे."

परीक्षेहून आलो तेव्हा ते दारातच उभे होते.

"किल्ला आला होता?"

"नाही अण्णा. शाळेची इमारत आली."

त्यांचा चेहरा जरा उतरला. "सरी, असू दे," ते म्हणाले, "भिंती तरी होत्या ना?"

स्कॉटलंड त्यांनी कधीच पाहिलं नाही. मी मात्र पास झालो, आणि पुढच्या वर्षी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.